दर नोव्हेंबरात तेच डबकं: भाजलेल्या स्क्वॉशला पाणी का सुटतं?

"ताई, परत तेच झालं गं."

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण, सकाळचे अकरा. न्यू जर्सीहून धाकट्या मावसबहिणीने फोटो पाठवलेला. ट्रेमध्ये एकॉर्न स्क्वॉशच्या, म्हणजे इथल्या हिरव्या सालीच्या छोट्या भोपळ्याच्या, सहा अर्ध्या वाट्या उताण्या, प्रत्येकीच्या खळग्यात तपकिरी पाण्याचं डबकं, कडा कोळशासारख्या काळ्या. खाली एक ओळ: "वरून करपलाय, आतून कच्चट, आणि चव म्हणशील तर साखरेच्या पाण्यात बुडवलेली काकडी."

हा ट्रे माझ्या चांगल्या ओळखीचा. मॅसॅच्युसेट्सला राहायला आल्यावर पहिली तीन-चार वर्षं मीही दरसाल अगदी असाच ओव्हनमधून बाहेर काढत होते. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर टर्की, टर्कीत भरलेलं सारण, टर्कीच्या रसाची ग्रेव्ही असा सगळा थाट. आपल्यासारख्या शाकाहारी माणसाला हक्काने वाढून घेता येईल असे पदार्थ मोजून दोन-तीन, आणि त्यातला एक म्हणजे लोणी आणि ब्राउन शुगर किंवा मेपल सिरप घालून भाजलेला स्क्वॉश. तो फसला की ब्रेड आणि क्रॅनबेरी सॉसवर दिवस काढायचा.

बहिणीला फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगितलं ते इथे एकत्र लिहिते. तिचा ट्रे तीन वर्षं फसला तो तीन वेगवेगळ्या कारणांनी, पण डबकं दर वेळी तेच. त्यामुळे ती दर वर्षी गेल्या वर्षीची चूक दुरुस्त करायची आणि नवीन खड्ड्यात पडायची.

आधी बशीची परीक्षा

पाणी एक तर साखरेने गरातून ओढून काढलेलं असतं, नाहीतर फळातच मुळात जास्त असतं. कुठलं ते कळायला पाच मिनिटं लागतात. वाटीतलं डबकं एका भांड्यात ओतून घ्या, फेकू नका, पुढे लागेल. मग गराचा एक चमचा पांढऱ्या बशीत ठेवा आणि थांबा. गराभोवती पाण्याचं कडं पसरायला लागलं तर फळच पाणचट. गर ढिगासारखा आपल्या जागी बसून राहिला तर फळ चांगलं होतं, त्याची वाट आपण लावली.

पहिल्या वर्षी बहिणीच्या बशीत कडं पसरलं नाही. मग मी विचारलं, साखर कधी घातलीस?

"सुरुवातीलाच की. लोणी, ब्राउन शुगर, आणि दोन-दोन चमचे संत्र्याचा रस. रेसिपीतच तसं होतं."

चिंच-गूळ कधी घालतात?

तिला म्हटलं, तुझ्या घरी आमटीत चिंच-गूळ कधी घालतात? डाळ पुरती शिजल्यावर. का, तर आधी घातला की डाळ शिजत नाही, दाताखाली येत राहते. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. भरल्या वांग्यातला बटाटा चिंचेच्या रसात टाकला की तासभर करकरीत राहतो, हेही प्रत्येकीने एकदा तरी भोगलेलं असतं. पण ओव्हन समोर आला की आपण हे सगळं विसरतो, कारण रेसिपी इंग्रजीत असते आणि फोटो सुंदर असतो.

कारण तेच आहे. भाजी मऊ होते म्हणजे तिच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने विरघळतं. आंबट रस असला की ते विरघळायला वेळ लागतो. साखरही शिजणं लांबवते. ब्राउन शुगरमध्ये तर मळीही (मोलॅसिस) असते, आणि मळीतलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. आमच्या इथल्या बॉस्टन बेक्ड बीन्स याच तत्त्वावर उभ्या आहेत: मळी घातलेल्या शेंगदाण्याएवढ्या बिया तासन् तास ओव्हनमध्ये राहूनही फुटून लगदा होत नाहीत. बियांना ते शोभतं. स्क्वॉशला नाही.

शिवाय साखरेचं दुसरं काम आपल्याला काकडीच्या कोशिंबिरीतून ठाऊक आहे. मीठ-साखर आधी लावून ठेवली की पाणी सुटतं. स्क्वॉशच्या वाटीत साखर घालून तासभर ठेवली की तेच होतं, आणि सुटलेलं पाणी जायला जागा नसते, कारण आपण वाटी उताणी ठेवलेली. मग त्या डबक्याखालचा गर भाजला जात नाही, उकडला जातो. पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० सेल्सियसच्या वर सरकत नाही. कडा मात्र उघड्या, कोरड्या, त्यांच्यावर सांडलेल्या साखरेच्या थेंबाला २०० सेल्सियसची धग थेट लागते. साखर १६० ते १७० च्या आसपास तपकिरी व्हायला लागते आणि त्यापुढे फार थांबत नाही. वर करप आणि खाली कच्चट, हे एकाच वाटीत कसं होतं ते एवढंच.

तेव्हा ही वाटी दोन टप्प्यांत करायची. आधी गोडाशिवाय पूर्ण शिजवायची, मग गोड.

मी करते ते सांगते. दीड ते दोन पौंडांचा, म्हणजे पाऊण-एक किलोच्या आतबाहेरचा एकॉर्न घ्यायचा. देठापासून टोकापर्यंत उभा चिरून दोन वाट्या. बिया आणि धागे धारदार कडेच्या चमच्याने खरवडून काढायचे; साधा जेवणाचा गोल चमचा धाग्यांवरून नुसता घसरतो, मी जुना स्टीलचा भातवाढीचा चमचा वापरते, त्याची कड झिजून सुरीसारखी झालीये. आतून बोट फिरवलं की गुळगुळीत लागलं पाहिजे. मग आतून आणि कापलेल्या कडांना तूप चोळायचं. लोणी नाही, तूप. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं आणि दुधाचा अंश असतो, तो आधी करपतो. चिमूटभर मीठ. ट्रेला बेकिंगचा कागद, आणि वाट्या पालथ्या. ओव्हन ४०० फॅरनहाइट, म्हणजे २०० सेल्सियसच्या जरा वर. ३५ ते ४० मिनिटं हात लावायचा नाही.

पालथी घातल्याने आतली वाफ आतच कोंडून गर सारखा शिजतो, आणि ट्रेला टेकलेली कड तुपावर खरपूस होते. सुटणारं पाणी खाली कागदावर येऊन उडून जातं. ट्रेमध्ये अर्धा इंच पाणी ओतायला सांगणाऱ्या रेसिपी खूप आहेत. एकॉर्नसाठी त्या सरळ सोडून द्या. पाणचट फळाला वरून पाण्यात बसवण्याचं कारण मला आजतागायत कळलेलं नाही.

सुरीचं टोक सालीच्या बाजूने आत घातलं आणि लोण्यात गेल्यासारखं गेलं, की शिजलं. कुठेही अडकत असेल तर आणखी दहा मिनिटं. इथे घाई केलीत तर पुढच्या टप्प्यात काही सुधारणार नाही, कारण गोड लागलं की शिजणं मंदावणार.

आता वाट्या उताण्या करून पाच मिनिटं नुसत्या उघड्या ठेवायच्या. वाफ जोरात निघते, ती निघू द्या. जेवढी वाफ आत्ता गेली तेवढं डबकं कमी.

तोवर पाक. ग्लेझ ग्लेझ म्हणून जे म्हणतात तो आपला पाकच. एका वाटीमागे एक टेबलस्पून लोणी आणि एक टेबलस्पून मेपल सिरप किंवा ब्राउन शुगर, छोट्या पातेल्यात मंद आचेवर. साखर असेल तर चमचाभर पाणी. मोठे बुडबुडे लहान आणि दाट झाले, चमच्याच्या पाठीवर पाक थर धरून राहिला, की उतरवा. एकतारीच्या अलीकडे थांबायचं, नाहीतर थंड झाल्यावर चिक्की होते. त्यात मीठ आणि किसलेलं जायफळ. इथले लोक दालचिनी घालतात, मला जायफळ-वेलदोडा बरा वाटतो, ही निव्वळ सवय. संत्र्याचा किंवा लिंबाचा रस हवाच असेल तर तो आत्ता, या पाकात.

गरावर सुरीने बरफीसारख्या उभ्या-आडव्या रेघा, सालीपर्यंत न पोचणाऱ्या. पाक ब्रशने सगळीकडे लावायचा, खळग्यात ओतायचा नाही. ओव्हन ३७५ फॅरनहाइट, म्हणजे १९० सेल्सियस, आणि १२ ते १५ मिनिटं. मध्ये एकदा खळग्यात उतरलेला पाक ब्रशने उचलून परत कडांना. झालं. त्या पहिल्या वर्षीच्या डबक्याचंही हेच करायचं होतं: ओतून घेतलेलं गोड पाणी पातेल्यात आटवलं की चांगला पाक होतो, कारण त्यात स्क्वॉशची चव आधीच उतरलेली असते.

गोडाचं प्रमाण कमी वाटेल. पण आपल्या पानात हा पदार्थ कुठे बसला असता ते बघा: डाव्या बाजूला, मुरांब्याच्या शेजारी. जेवता जेवता मधून एक घास घ्यायचा. लोक तो शिरा असल्यासारखा करतात आणि मग दोन घासांत तोंड फिरतं.

हिरवागार, चकचकीत, आणि कच्चा

दुसऱ्या वर्षी तिने सगळं वरच्याप्रमाणे केलं. साखर शेवटी, वाट्या पालथ्या. तरी पाणी. या वेळी बशीत कडं पसरलं, दोन मिनिटांत.

फोटोत कापायच्या आधीचं फळ होतं. गडद हिरवं, तुकतुकीत, सुपरमार्केटच्या दिव्यात उठून दिसणारं. मीही तेच उचललं असतं, जर आमच्या जवळच्या शेतावरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने एकदा माझ्या हातातून तसलंच फळ काढून घेतलं नसतं. त्याने ते उलटं केलं आणि जमिनीला टेकलेला डाग दाखवला. फिका, पिवळसर-हिरवा. "नॉट यट," म्हणाला, आणि शेजारच्या क्रेटमधलं एक निस्तेज, धुळकट दिसणारं काढून दिलं. त्याचा डाग गडद नारिंगी, गाजरासारखा.

एकॉर्नची लबाडी अशी आहे की फळ धरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत ते पूर्ण आकाराचं आणि गडद हिरवं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं झालं तयार. आतून पिकायला मात्र फळ धरल्यापासून ५० ते ५५ दिवस लागतात. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात स्क्वॉशच्या जाती तयार करण्यात आयुष्य घालवलेले ब्रेंट लॉय हेच सांगत आले: बाजारात येणारा बराच एकॉर्न वेळेआधी तोडलेला असतो, आणि लोकांना तो बेचव वाटतो त्याचं कारण जातीत नाही, तोडणीत आहे. कच्च्या फळात पिठूळपणा, म्हणजे स्टार्च, साठलेलाच नसतो. पुढे साखर व्हायची ती त्या स्टार्चपासूनच. मुळात नाही तर गोडी येणार कुठून? वरून कितीही मेपल ओता.

घरी आणल्यावर खात्री करायची तर बी बघा. पिकलेल्या फळाचं बी टपोरं असतं, दातांत धरलं की आत गर लागतो. कच्च्या फळाचं बी चपटं, पांढरं, दाबलं की नुसतीच कातडी. तसं निघालं तर गोड भाजण्याचा बेत सोडा आणि त्याची मोहरी-मेथीची फोडणी देऊन भाजी करा. छान होते, खरंच.

देठ सुकलेला आणि बुचासारखा हवा, अंगठ्याचं नख सालीत रुतता कामा नये, आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. आणि उलट टोकालाही जाऊ नका: साल निम्म्याच्या वर नारिंगी झालेला एकॉर्न म्हातारा झालेला असतो, त्याचे धागे दातांत अडकतात.

इथे मी थोडं विषयांतर करणार, कारण याच कारणाने मी आताशा एकॉर्न सोडून दुसऱ्याच फळांकडे वळलेय. एकॉर्न, डेलिकाटा, स्पगेटी स्क्वॉश ही मंडळी एका जातकुळीची, कुकुर्बिटा पेपो. बटरनट दुसऱ्या, कुकुर्बिटा मॉस्काटा. काबोचा, हबर्ड, बटरकप तिसऱ्या, कुकुर्बिटा मॅक्झिमा. आपल्याकडचा लाल भोपळा, डांगर, विदर्भातलं कोहळं, यातला बराचसा मॉस्काटा, म्हणजे बटरनटचा सख्खा भाऊ. बटरनट कापला की येणारा वास ओळखीचा वाटतो तो उगाच नाही. गंमत म्हणजे हा बटरनट आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या स्टो नावाच्या गावातला. १९४० च्या दशकात चार्ल्स लेगेट नावाच्या गृहस्थांनी तो तिथे वाढवला, आणि पुढे वॉल्थमच्या संशोधन केंद्रामार्फत त्याची सुधारित जात देशभर गेली.

मॉस्काटाला घाई नसते. तोडल्यावर महिना-दोन महिने कोरड्या, थंड जागी राहिला की आतल्या स्टार्चची साखर होत जाते. काबोचाचंही तेच, तो तर ताजा तोडलेला खाल्ला तर चुरमुऱ्याच्या पिठासारखा कोरडा लागतो. एकॉर्नला मात्र असं मुरवून काही फायदा नाही, दीड-दोन महिन्यांत तो उतरायलाच लागतो. त्यामुळे माझा हिशोब असा: बटरनट सप्टेंबरच्या शेवटी घेऊन ठेवायचा, एकॉर्न ऑक्टोबरच्या शेवटी, आणि दोन्ही फ्रिजबाहेर. १० सेल्सियसच्या खाली या फळांना थंडी बाधते. गॅरेजमध्ये ठेवून विसरलात आणि रात्री पारा शून्याखाली गेला, तर सकाळी हातात पाण्याची पिशवी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी डेलिकाटा घ्यायला सांगते. लांबट, पिवळसर, हिरव्या पट्ट्यांचा. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पीटर हेंडरसन कंपनीने याचं बी बाजारात आणलं, म्हणजे जुनं खोड. साल इतकी पातळ की सोलावी लागत नाही, अर्ध्या इंचाच्या चकत्या २० ते २५ मिनिटांत होतात आणि डबकं साठायला खळगाच नाही. किंवा हनीनट. कॉर्नेल विद्यापीठातले मायकल मॅझुरेक आणि शेफ डॅन बार्बर यांच्या खटपटीतून आलेला हा तळहाताएवढा बटरनट. याची साल कच्चेपणी हिरवी असते आणि पिकल्यावरच नारिंगी-तपकिरी होते. एकॉर्नसारखी लपवाछपवी नाही. जरा महाग मिळतो, पण त्यात साखर जवळपास घालावीच लागत नाही.

दोन फळं मात्र या कामाला अजिबात नकोत. स्पगेटी स्क्वॉश, कारण त्याचे धागे हा त्याचा दोष नसून धर्म आहे. आणि हॅलोविनचा मोठा कोरायचा भोपळा. ३१ ऑक्टोबरनंतर तो अर्ध्या किमतीत मिळतो आणि आपला हात शिवशिवतो, मला माहीत आहे. तो आत पोकळ, पातळ, पाणचट असतो. एकदा मी तो आणला, आणि त्याचं शेवटी काय केलं ते अगदी खाली सांगते.

फॉइलने केलेला घात

तिसरं वर्ष. पिकलेला बटरनट, साखर शेवटी, पालथा भाजलेला. घरी काढलेला फोटो बघून मी तिला शाबासकी दिली. दोन तासांनी यजमानांच्या घरून दुसरा फोटो. डबकं.

मला कळेना. मग तिने सहज सांगितलं: "गरम राहावा म्हणून फॉइलने घट्ट बांधला आणि वरून टॉवेल गुंडाळला. पाऊण तासाचा ड्राइव्ह होता."

गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावलं की खालची पोळी ओली का होते? तेच. भाजलेल्या स्क्वॉशमधून तासभर वाफ निघत राहते, ती फॉइलला लागून थेंब होऊन परत खाली पडते, आणि वरची साखर ते पाणी शोषून पातळ होते. तुम्ही केलेलं सगळं बरोबर असतं आणि पदार्थ गाडीत फसतो.

दुसऱ्याच्या घरी न्यायचा असेल तर पहिल्या टप्प्यापर्यंतच घरी करा. पूर्ण उघडा ठेवून गार होऊ द्या, गार झाल्यावर झाका. पाक काचेच्या बरणीत वेगळा. तिथे पोचल्यावर ओव्हनमध्ये दहा मिनिटं गरम करा, पाक लावा, आणि शेवटी ब्रॉइलर, म्हणजे ओव्हनची वरून येणारी धग, दोन-तीन मिनिटं, दारासमोरून न हलता. त्या दिवशी यजमानांचा ओव्हन टर्कीने अडवलेला असतो हे धरून चाला. टर्की बाहेर काढून मुरायला ठेवतात ती अर्धी-पाऊण तासाची वेळ आपली. आधीच सांगून ठेवावी.

चौथ्या वर्षी तिने असंच केलं. या वेळी फोटो आला नाही, फोन आला, आणि मागे कुणीतरी "भांडं खरवडू का?" असं मराठीत विचारत होतं.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी

कापणं. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते एकॉर्नच्या सालीला सुरी लावली की समजतं. सुरीच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी खोल भोकं पाडा आणि मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा. साल सैल पडते. भोकं पाडायला विसरू नका, वाफ कोंडून फळ फुटतं. खाली ओला फडका ठेवा म्हणजे ते घरंगळत नाही. आमची आजी आख्खा कोहळा बाईने आधी कापू नये, पुरुषाने सुरी लावावी म्हणायची. कारण काय ते तिने कधी सांगितलं नाही, पण थँक्सगिव्हिंगच्या सकाळी ही रूढी मी कसोशीने पाळते.

बटरनट सोलल्यावर हाताला पिवळट पापुद्रा धरतो आणि कातडी ओढल्यासारखी होते. घाबरू नका, त्याचा चीक आहे. आधी हाताला तेल लावा किंवा हातमोजे घाला.

सगळं बरोबर करूनही दर वेळी करपत असेल तर ओव्हनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. घरगुती ओव्हन २५ ते ५० फॅरनहाइटने सहज चुकतात. आत टांगायचा साधा थर्मामीटर घ्या. आणि पंखा चालू असलेला कन्व्हेक्शन असेल तर तापमान २५ फॅरनहाइटने उतरवा.

गूळ चालतो का? चालतो, चव तर ब्राउन शुगरपेक्षा सरस. पण तो साखरेपेक्षा लवकर रंग धरतो, म्हणून शेवटची आठ-दहा मिनिटंच. त्यातला कचरा काढायला आधी चमचाभर पाण्यात विरघळवून गाळून घ्या. काकवी मिळाली तर उत्तमच.

वर मार्शमेलो पसरायची पद्धत आहे. त्यात साधारणपणे जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतून आलेलं. शाकाहारी पाहुणे असतील तर पाकीट वाचा, किंवा सरळ भाजलेले पेकान घाला.

फळ कडू लागलं तर मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नका. जरासा तुरट-मचूळपणा नव्हे, जिभेला झोंबणारा कडूपणा. तो कुकुर्बिटासिनचा, कडू दुधीत असतो त्याच घराण्यातला. शिजवून जात नाही आणि पोट भयंकर बिघडवतो. साखर घालून झाकू नका, थुंका आणि टाकून द्या. परसातल्या खतात आपोआप उगवलेल्या वेलाच्या फळांबाबत हे जास्त लक्षात ठेवा.

पुण्या-मुंबईत एकॉर्न शोधत बसू नका. लाल भोपळ्याची फोड घ्या; कापलेली मिळते हा उलट फायदा, आतला रंग गडद आहे का आणि बिया टपोऱ्या आहेत का ते दिसतं. दीड इंचाच्या फोडी सालीसकट, सालीची बाजू वर, ओटीजीत २०० सेल्सियसवर २५ ते ३० मिनिटं, मग गुळाचा पाक.

आता तो हॅलोविनचा भोपळा, आणि तुमचा या वर्षीचा फसलेला ट्रे, दोन्हींची सोय. गर खरवडून पसरट कढईत घ्या आणि मध्यम आचेवर झाकण न ठेवता परता. पाणी आटेपर्यंत, उलथन्याने ओढलं की कढईचा तळ दिसून राहीपर्यंत. पंधरा मिनिटं लागतील, पाणचट फळ असेल तर जास्त. चाखून गूळ घाला. ट्रेमध्ये साखर आधीच पडली असेल तर थोडाच. गूळ पुन्हा पातळ करेल, तो आटू द्या. पूर्ण गार झाल्यावर मीठ, वेलदोडा, चमचाभर तुपाचं मोहन, मूठभर तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब घालायचा नाही. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा, तेल लावलेल्या प्लॅस्टिकवर पुरीपेक्षा जाडसर थापा, वरून खसखस दाबा आणि मध्यम आचेवर तळा.

घारगे गार झाल्यावरच डब्यात भरा. झाकण लावायची घाई केलीत तर पुन्हा तेच.